ठोंबरे काकाजींची दोन रकान्यांची वही

मागच्या पोळ्याला आमच्या आमदारांनी सकाळी सातच्या आत अख्ख्या मतदारसंघाला शुभेच्छा पाठवल्या. नागपूरलगतच्या आमच्या साऱ्या बेसात त्या शुभेच्छांना लेखी उत्तर देणारा माणूस एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो. उत्तर असं होतं : 'पोळ्याच्या शुभेच्छा पोचल्या. आमच्या रस्त्याचा प्रश्न आपण सभागृहात मांडला काय? मांडला नसल्यास कारण कळवावे. आपला, प्र. ना. ठोंबरे.' हे उत्तर त्यांनी आमदारांना पाठवलं, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, आणि मी सोसायटीचा सचिव असल्यामुळे एक कागदी प्रत माझ्या दाराखालून आत सरकवली.

सचिव होण्याची दुर्बुद्धी मला सहा वर्षांपूर्वी झाली. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, मला वाटलं, पाण्याची टाकी धुऊन घ्यायची आणि गणपतीत मांडवाचं बघायचं, एवढंच काम असेल. ठोंबरे काकाजी माझ्या भूगोलात नव्हते.

काकाजी मूळचे पारशिवनीचे. एका सरकारी कचेरीत सभांची इतिवृत्तं लिहिण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कोण काय बोललं, कोणी अनुमोदन दिलं, कोणाचा हात वर होता आणि कोणाचा खाली, हे लिहायचं, पुढच्या सभेत वाचून दाखवायचं आणि सह्या घ्यायच्या. निवृत्त होताना त्यांनी कचेरीची कपाटं परत केली, सवय घरी आणली. त्यांना काहीही सांगा, त्यांचा प्रश्न ठरलेला : "नोंद हाय का?" यंदा ऊन जास्त आहे म्हटलं तरी तोच प्रश्न. माझी मुलगी वर्गात दुसरी आली म्हणून मी पेढा घेऊन गेलो, तर पेढा हातात धरून त्यांनी आधी गुणपत्रिका मागितली. गुणपत्रिका पाहिल्यावरच पेढा तोंडात गेला.

त्यांची एक लांबट हिरव्या पुठ्ठ्याची वही आहे. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले दोन रकाने. डावीकडे मथळा 'काय म्हणाले', उजवीकडे 'काय केलं'. आमदारांचा प्रत्येक संदेश डाव्या रकान्यात तारीखवार उतरवलेला असतो. संक्रांतीचा गोडवा, गुढीपाडव्याचं चैतन्य, दहावीच्या पोरांचं अभिनंदन, कोणाच्या निधनाचं दुःख, आणि रोज सकाळचा एक सुविचार. डावा रकाना असा गच्च भरलेला, आणि उजवा बहुतेक कोरा. मधूनच एखादी नोंद दिसते, 'एका बसथांब्याचे उद्घाटन (थांबा आधीपासूनच होता).' पान भरलं की काकाजी खाली येतात आणि साक्षीदार म्हणून माझी सही मागतात. सहा वर्षांत मी एकदाही केली नाही. कधी हाताला पीठ लागलेलं असतं, कधी चष्मा सापडत नाही. आमदाराशी वाकडं घ्यायला मला कुठला हो वेळ?

खरा घोळ झाला तो मागच्या वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात. अधिवेशन नागपुरात, म्हणजे आमच्याच दारात, तेव्हा काकाजींनी ठरवलं की आमदारांनी वर्षभरात कोणत्या विधेयकावर कोणत्या बाजूनं मत दिलं त्याची यादीच मागायची. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज हवा म्हणून माझा आठवडा खाल्ला. शेवटी मलाच स्कूटरवर मागे बसवून ते आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात गेले. तिथे आमदारांचा स्वीय सहायक गजू बसतो. गजू स्वभावानं चांगला आहे. त्यानं चहा मागवला आणि समजावून सांगितलं की तिथे बहुतेक वेळा आवाजी मतदान होतं. बाजूनं असलेले होय म्हणतात, विरोधातले नाही म्हणतात, आवाजावरून निकाल. कोणी मागणी केली तरच नावानिशी मोजणी होते. आमच्या आमदारांनी वर्षभरात काय मत दिलं, हे त्यामुळे कुठेच लिहिलेलं नाही.

काकाजींच्या हातातला चहा तसाच राहिला. मी त्या माणसाला इतकं हादरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "इतक्या मोठ्या घरात," ते हळू आवाजात म्हणाले, "कोणाचा हात वर होता ते लिहून नाई ठेवत?" परतल्यावर ते सरळ वर निघून गेले. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतो. तिथे होत नाही म्हणून त्यांनी ते आमच्याकडे सुरू केलं. पुढच्या सोसायटी सभेत विषय साधा होता, वॉचमनची खुर्ची गेटच्या आत ठेवायची की बाहेर. आम्ही नेहमीप्रमाणे 'ठीक आहे, ठीक आहे' करत उठणार, इतक्यात काकाजी उभे राहिले आणि नावानिशी मतदानाची मागणी केली. नियमात बसत होती. एकेकाचं नाव पुकारून मत लिहिणं सुरू झालं आणि दहाव्या मिनिटाला कळलं की भोयरवहिनींचं मत भोयरांच्या विरुद्ध आहे. एरवी हे कोणाला कळलंही नसतं. आता ते इतिवृत्तात कायमचं गेलं. भोयर चार दिवस घरात जेवले नाहीत, आणि पाचव्या दिवशी माझ्याकडे येऊन ती ओळ खोडा म्हणाले. काकाजी म्हणाले, खोडता येत नाही, फार तर दुरुस्तीचा ठराव मांडा. त्या ठरावावरही मतदान झालं. भोयरवहिनींनी त्यालाही विरोध केला.

या माणसासोबत चाळीस वर्षं संसार करणाऱ्या इंदूकाकूंना मी मनातल्या मनात रोज नमस्कार करत असे. काकूंचं माहेर खापा. हसऱ्या, बोलक्या, आणि नोंदीबिंदीची मुळीच पर्वा नसलेल्या. त्यांचा वाढदिवस कोणालाच माहीत नव्हता. शाळेत गुरुजींनी अंदाजानं घातलेली तारीख एक, आईनं सांगितलेली खूण दुसरी, म्हणे तुरीच्या शेंगा भरल्या होत्या तेव्हा. काकाजींनी दोन्ही पुरावे अपुरे ठरवले होते.

मग आमदारांच्या पत्नीनं बेसात संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. वाण म्हणून स्टीलचा डबा होता, पण डबा मिळण्याआधी एक फॉर्म भरायचा होता, नाव, मोबाईल नंबर, जन्मतारीख. काकू अडल्या. मागे रांग लागलेली. त्यांनी फॉर्म भरून घेणाऱ्या मुलीला सांगितलं, "आजचीच टाकून दे वं." झालं. पुढच्या वर्षी त्याच दिवशी सकाळी काकूंच्या बटणांच्या फोनवर मेसेज आला, 'सौ. इंदूताई ठोंबरे, आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. उदंड आयुष्य लाभो. आपलाच, भाऊ.' आमच्याकडे आमदारांना सगळे भाऊच म्हणतात. काकूंनी तो फोन चारही मजल्यांवर फिरवला आणि घरोघरी तिळाच्या वड्या दिल्या. काकाजी मागून ओरडत होते की ही तारीख बोगस आहे. काकू माझ्या दारात वळून म्हणाल्या, "बोगस कशी जी? आमदारानं लेखी देल्लं नं." काकूंना जाऊन आता दोन वर्षं झाली.

तर अधिवेशन संपलं आणि मी आमच्या रस्त्यासाठी पुन्हा गजूकडे गेलो. या वेळी काकाजींना न सांगता, एकटा. रस्ता सोसायटीच्या गेटपासून मोठ्या सडकेपर्यंतचा, दोनशे पावलांचा, पण पावसाळ्यात रिक्षावाला आत यायला नाही म्हणतो. गजूनं अर्ज घेतला, बाजूला ठेवला, आणि म्हणाला, "सर, रस्त्याचं पाहू. पण पह्यले त्या काकाजीले आवरा. रोज सकाळी भाऊले उत्तर पाठवून राहिले." मी म्हटलं, त्यांना आवरणं माझ्या हातात नाही, तुम्हीच त्यांना पाठवू नका. गजूला हे पटलं. त्यानं संगणकावर यादी उघडली. ठोंबऱ्यांच्या घरचे दोन नंबर दिसून राहिले, म्हणाला, दोन्ही उडवू का? मला घाई होती, दोनला लेक्चर होतं. मी म्हटलं, उडवा.

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले, हे कबूल करतो. ग्रुपवर राजकीय संदेश टाकू नयेत असा नियमही मी करून घेतला, नावानिशी मतदान घेऊन. काकाजींचा डावा रकाना कोरा राहू लागला. त्यांना वाटलं, आपल्या पत्रांनी आमदार ओशाळला. जिन्यात भेटले तेव्हा खुशीत म्हणाले, सुधारून राहिला माणूस, बोलणं कमी केलं, आता काम करेल. मी मान डोलावली आणि भराभर पायऱ्या उतरलो.

जानेवारीत एका सकाळी मी इतिवृत्तावर त्यांची सही घ्यायला वर गेलो. दार उघडंच होतं. काकाजी अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून टेबलाशी बसले होते. समोर ताटलीत तिळाच्या वड्या होत्या, विकतच्या. शेजारी ती हिरवी वही, आणि तिच्यावर काकूंचा बटणांचा फोन, चार्जरला लावलेला. दोन वर्षं हा फोन चालू आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

त्यांनी मला विचारलं, टॉवर बंद आहे का. मी माझा फोन पाहिला, चालू होता. ते म्हणाले, दर वर्षी नऊ वाजून दहा मिनिटांनी येते, आता अकरा वाजून राहिले. मी विचारलं, काय येते? त्यांनी वही उघडून शेवटचं पान दाखवलं. त्या पानावर फक्त एकच मेसेज पुन्हा पुन्हा उतरवलेला होता, वर्षावर्षाचा, वेळेसकट. 'सौ. इंदूताई ठोंबरे, आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' शेवटच्या दोन नोंदी काकू गेल्यानंतरच्या होत्या. उदंड आयुष्य लाभो, तेही त्यांनी गाळलं नव्हतं.

आतापर्यंत मी या माणसावर वैतागलो होतो, चिडलो होतो, त्याला चुकवत होतो. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. मी खुर्ची ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. गजू, यादी, दोन नंबर, आणि 'उडवा' हा माझा शब्द. मी गजूला आत्ता फोन करतो, असंही म्हणालो, तो हातानं टाईप करून पाठवेल.

काकाजींनी मान हलवली. "नको. सांगून पाठवलेल्याची नोंद वेगळी करा लागते."

मला वाटलं, आता हरकत येणार, लेखी खुलासा मागणार. मागायला हवा होता, मला बरं वाटलं असतं. ते मात्र वहीकडे बघत म्हणाले, "चाळीस वर्षं घरात राह्यली ती. मी एकदा नाई म्हटलं तिले, वाढदिवस हाय म्हणून. तारखेची नोंद नव्हती नं." मग म्हणाले, "त्या आमदाराचा नुसता डावा रकाना भरला. माझा डावा रकाना कोराच राह्यला, सचिवसाहेब."

या घरात काकूंच्या आजारपणात वर्षभर स्वयंपाक, औषधं, वेणीफणी कोण करत होतं, हे साऱ्या सोसायटीला माहीत आहे. तशी नोंद मात्र कुठेही नाही.

मग त्यांनी स्वतःचा फोन उचलला. एरवी आमदारांना चार ओळींचं पत्र एका दमात टाईप करणारा माणूस त्या एका ओळीला दहा मिनिटं अडला. 'सौ.' लिहिलं, खोडलं, 'इंदू' ठेवलं. पाठवलं. टेबलावरचा बटणांचा फोन थरथरला आणि त्याचा छोटा पडदा उजळला. काकाजींनी तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला, पुन्हा वाचला, आणि वहीवर ठेवला.

शेवटच्या पानाच्या डाव्या रकान्यात त्यांनी तो मजकूर उतरवून काढला. पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मग वही फिरवून माझ्यासमोर सरकवली आणि पेन पुढे केलं.

"साक्षीदार म्हणून करा सही."

माझ्या हाताला त्या दिवशी पीठ नव्हतं, आणि चष्मा नाकावर होता. मी सही केली आणि खाली वेळ लिहिली, अकरा वाजून बावीस मिनिटं. काकाजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून ती तपासली, आणि वड्यांची ताटली माझ्याकडे सरकवली.