मेणबत्तीग्रस्त महिलेचा सत्कार

घरात मेणबत्ती कशी वापरावी हे कोल्हापूरच्या जनतेला कळत नाही, असा ठराव प्रभाग सुरक्षा समितीने एकमताने मंजूर केला. ठरावाच्या पुष्ट्यर्थ एक भाजलेलं माणूस हवं होतं. बराच शोध घेतल्यावर तानाबाई सापडल्या.

गेल्या पावसाळ्यात वीज गेली तेव्हा तानाबाईंनी प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणावर मेणबत्ती चिकटवली आणि त्या दळण निवडत बसल्या. झाकण वितळलं, मेणबत्ती कलंडली आणि हात कोपरापर्यंत भाजला. त्यांचे यजमान केरबा उद्यमनगरातल्या फौंड्रीत तीस वर्षं भट्टीसमोर उभे राहिले, अंगावर कधी फोड आला नाही. आणि घरात बोटाएवढ्या मेणबत्तीने बायको होरपळली, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

समितीने भेट दिलेली चकचकीत नायलॉनची साडी नेसून तानाबाई व्यासपीठावर बसल्या. केरबांना तिसऱ्या रांगेत, 'सत्कारमूर्तींचे नातलग' अशी चिठ्ठी लावलेली खुर्ची मिळाली.

पंखे बंद करून प्रमुख पाहुणे उदयसिंहदादांनी मेणबत्तीने समई पेटवली. मग हातातल्या मेणबत्तीचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला. शुभकार्यात ज्योत फुंकणं बरं नव्हे, म्हणून दादांनी ती टेबलावर थर्माकोलमध्ये कापलेल्या 'सुरक्षित' या शब्दावर, नेमकी 'क्षि'वर खोचली. टाळ्या पडल्या. विषय आणि व्यक्ती एकाच फोटोत याव्यात म्हणून फोटोग्राफरने तानाबाईंची खुर्ची टेबलाला खेटवली.

एवढ्यात दादांना घाम फुटला. पंखे सुरू झाले आणि ज्योत तानाबाईंच्या पदराकडे झुकली.

केरबा ताडकन उठले. एका कार्यकर्त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा पावणं. बोलणाऱ्यांत तुमचं नाव न्हाय."

"आवो, ती मेणबत्ती इझवा की! बायको हाय माझी!"

"व्हय की. सत्कारबी त्यांचाच हाय. दम धरा जरा."

"पदर पेटंल तिचा!"

"मग चिठ्ठी द्या. मधीच उठून बोलायची पद्धत न्हाय हितं."

केरबांनी पत्रिकेच्या पाठीवर लिहिलं, 'मेणबत्ती विझवा.' चिठ्ठी पाच हातांतून फिरत निवेदक सम्राटकडे पोचली. सम्राटने ती वाचली आणि त्याचा चेहरा उजळला.

"रसिकांतून एक सुंदर घोषणा आलीय! म्हणा माझ्यामागं, मेणबत्ती विझवा!"

"जीव वाचवा!" सभागृहाने आपणहून यमक जुळवलं.

दादांनीही मूठ वळली. तानाबाईही बिचाऱ्या भाजलेला हात वर करून म्हणाल्या. सगळं सभागृह मेणबत्ती विझवा म्हणून ओरडत होतं आणि मेणबत्ती सर्वांच्या देखत जळत होती. केरबांना वाटलं, बहुतेक आपल्यालाच मराठी येत नसावं.

चौथ्या घोषणेला 'क्षि' खचला. मेणबत्ती कलंडली आणि पदराने पेट घेतला.

तीनशे माणसं उठली आणि तीनशे मोबाईल वर गेले. केरबांनी कार्यकर्त्याला ढकललं, दोन रांगा ओलांडल्या, टेबल लाथाडलं आणि पेटता पदर दोन्ही मुठींत चुरगाळला. नायलॉन तळहातांना चिकटलं.

"आवं, तुमचं हात!" तानाबाई किंचाळल्या.

"माझं ऱ्हाऊ दे. तुला लागलं न्हाय न्हवं?"

"मला काय न्हाय झालं!"

"जिवंत प्रात्यक्षिक!" सम्राट माइकवर गदगदला. "पुढच्या वर्षीचे सत्कारमूर्ती आपल्याला आजच लाभले!" दादांनी तिथल्या तिथे केरबांना शाल घातली. नारळ धरायला केरबांजवळ हात नव्हते, म्हणून तो कार्यकर्त्याने धरला आणि फोटो झाला. दवाखान्यात न्यायला रिक्षा मात्र तानाबाईंनीच थांबवली.

चौतीस सेकंदांचा तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गगनबावड्यापासून नृसिंहवाडीपर्यंत पोचला. तुमच्याकडेही आला असेल. त्यात ऐन मोक्याच्या वेळी एक म्हातारा आडवा येतो आणि पेटलेली बाई झाकली जाते. खाली कुणीतरी लिहिलंय, 'म्हाताऱ्यामुळं नीट दिसत नाही.' त्याला चारशे जणांनी अंगठे दिलेत. त्यातला एक ओळखीचा वाटतो का, बघा.