टकल्या राजाचा रुपया

"घरात राणी हाय काय?"

शेलूबाजारात नव्याने आलेल्या माणसाला आमचे शेजारी देवमनराव कंपाउंडर हा पहिला प्रश्न विचारीत. नुकतंच लग्न झालेल्या एका तलाठ्याने तर त्यांची गचांडीच धरली होती. देवमनरावांना हवी असे ती राणीछाप, इंग्रजी अमलातल्या चांदीच्या रुपयावरची.

इंग्रज जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण त्यांच्या राजाराण्यांची मुंडकी कंपाउंडरांनी बिस्किटांच्या डब्यात कोंडून ठेवली होती. रोगी तापाने फणफणत असला तरी "जुनं काही हाय काय घरात?" हे आधी, औषध मागून. सोनार त्यांच्या लेखी खाटीक. बाजाराच्या दिवशी दवाखाना सोडून ते त्याच्या पायरीवर बसत आणि चांदी मोडायला येणाऱ्यांना झापत, "राणीले भट्टीत घालता? लाज नाई वाटत?" स्वतःच्या बायकोच्या पायात मात्र गिलटाची जोडवी.

एका बाजारी शाळेला सुट्टी म्हणून मीही तिथे होतो. इंझोरीकडची एक म्हातारी आली. कडेवर आई नसलेली नात, नुकती पाय टाकायला लागलेली. पोरीला वाळे हवे होते. म्हातारीने कनवटीचा रुपया काढला. त्यावर बिनमुकुटाच्या राजाचं मुंडकं दिसताच कंपाउंडरांनी झडपच घातली.

"टकल्या राजा! मास्तर, अकरा वर्सं हेच साल धुंडून राह्यलो! मावशी, हा मले द्या. बदल्यात दोन राण्या देतो."

"एकाचे दोन? खोट्या असतीन," म्हातारी म्हणाली. "मले राणी नोको अन् राजाबी नोको. पोरीले वाळे पायजेत."

सोनार हसला. "कंपाउंडर, वाळ्यापायी तुमच्या राण्या भट्टीत जातीन, बरं!"

मीही खो खो हसलो. कंपाउंडर मुकाट्याने घरी जाऊन दोन राण्या घेऊन आले. सोनाराने त्या मुशीत टाकल्या, तेव्हा पाठ फिरवून रस्त्याकडे पाहत राहिले.

दिवस कलताना वाळे तयार होऊन पोरीच्या पायात चढले. ती उभी राहिली. छुम् वाजलं तशी दचकली, खाली पाहिलं, मग मुद्दाम पाय आपटला. चार पावलं टाकली आणि तोल जाताच कंपाउंडरांचा पायजमा धरला. ते जागचे हललेच नाहीत. या माणसाच्या घरात वीस वर्षांत पाळणा हलला नव्हता, हे मला तेव्हा कुठे आठवलं.

आम्ही दोघं घराकडे निघालो.

"दाखवा तरी तुमचा टकल्या," मी म्हणालो.

त्यांनी खिसे चाचपले. रुपया सोनाराच्या गादीवरच राहिला होता.

"चला, परत जाऊ."

"आनू उद्या," ते म्हणाले. थोडं चालून थांबले. "मास्तर, पाह्यलं काय तुमी? कसा मुद्दाम पाय आपटला तिनं!"