म्हात्रेकाकांचा घुमारा

म्हात्रेकाका कुणाच्याही घरात शिरले की चपला काढायच्या आधी एक टाळी वाजवतात. एकच, पण कडक. मग मान जराशी कलती करून, डोळे मिटून उंबऱ्यातच उभे राहतात आणि निकाल देतात. "ओला हाय." नाहीतर, "सुका हाय." त्यानंतर चपला काढतात.

आम्ही खारघरला राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ते ओळख करून घ्यायला आले. शेजारचंच दार. टाळी वाजवली, डोळे मिटले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मॅडम, तुमचा हॉल लय ओला हाय."

नव्या फ्लॅटमध्ये ओल! मी सेक्रेटरींना फोन केला. सेक्रेटरींनी प्लंबर पाठवला. प्लंबरनं चारही भिंती ठोकून बघितल्या, बाथरूमची एक फरशी उगाचच उचकटली आणि "कुठं काय नाय ताई" म्हणून निघून गेला. चार दिवसांनी काकांकडूनच कळलं, की ओला म्हणजे घुमणारा. घरात सामान नव्हतं, म्हणून आवाज घुमत होता.

"सोफा येऊं द्या, परदे लावा. सुकंल," ते म्हणाले.

"अहो, मग तसं सांगायचं ना!"

"तसाच तर सांगितला."

मग त्यांनी मला समोर बसवून समजावलं. "बोंबलाचा बगा मॅडम. तोंडातून निंगतो तो आवाज सुका. खोलीत फिरून येतो तो ओला. सुका वेगला, ओला वेगला. दोनी चांगलं. पन कालवन कनचा करायचा त्याच्यावर हाय सगला."

माझं माहेर सांगलीकडचं. बोंबलाच्या बाबतीत माझं शिक्षण शून्य. पण मुद्दा पोचला.

काका मूळचे जासईचे. तिथल्याच एका कंटेनर यार्डात त्यांनी तीस वर्षं क्रेन चालवली. डब्यावर बाहेरून थाप मारली की आत माल किती भरलाय, ते सांगायचे म्हणे. रिटायर झाल्यावर माणसं मॉर्निंग वॉक सुरू करतात. काकांनी रेकॉर्डिंग स्टुडिओ सुरू केला. घरातच, दुसऱ्या बेडरूममध्ये. एक माइक, एक लॅपटॉप, कान झाकून उरेल एवढा हेडफोन आणि चारही भिंतींना घरातल्या सगळ्या गाद्या-गोधड्या. खोली "सुकी" व्हावी म्हणून.

"आमच्याकरं पावना फरशीवर झोपतो," काकू मला म्हणाल्या, "नि भिंत गादीवर."

आता या सुक्या खोलीत रेकॉर्ड केलेल्या आवाजाला ओलावा द्यायचा, तर त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लागतो. प्लग-इन म्हणतात त्याला, आणि ओलाव्याला म्हणतात रिव्हर्ब. काकांना तो शब्द पसंत नव्हता. ते म्हणायचे घुमारा. हे घुमारे इंटरनेटवर ढिगानं मिळतात. आवाज हॉलमध्ये नेऊन बसवणारे, बोगद्यात नेणारे, विहिरीत सोडणारे. आणि जवळजवळ प्रत्येकाची पंधरा दिवसांची फुकट चाचणी.

"पयला घुमारा नीट बगून घेवाचा," काकांचं तत्त्व. "पयला चुकला की कान बिगरतो. कान बिगरला की मानूस बिगरतो."

त्यांनी एकदम चौदा चाचण्या सुरू केल्या. चौदा घुमाऱ्यांची चौदा माहितीपुस्तकं, सगळी इंग्रजीत. ती वाचायला मी. मी कॉलेजात शिकवते, एवढं त्यांना पुरेसं होतं.

"काका, मी बॉटनी शिकवते."

"झारांचा इंग्लिश येतं ना? मंग याचा पन येल."

संध्याकाळी सहा वाजता आमचा तास भरायचा. पहिल्याच पानावर शब्द आला, 'डिके'. मी सवयीनं सांगून टाकलं, "कुजणं." काका दचकले. "आवाज कुजतो?" पुढं 'डॅम्पिंग' आलं. मी म्हटलं, दमटपणा. खरं तर एक आवाजाचं विरणं होतं आणि दुसरं त्याचं दबणं, हे मला नंतर कळलं. कुजणं आणि दमटपणा ऐकून काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "काय बाय रोग आणलाव घरात?" मग 'प्लेट' नावाचा प्रकार निघाला. पूर्वी म्हणे मोठा लोखंडी पत्रा टांगून त्यातून आवाज घुमवायचे. हे कळल्यावर काकांनी घरातली पुरणपोळीची परात पंख्याच्या हुकाला टांगली आणि तिच्याशी बोलून बघितलं. काकूंनी परात काढून घेतली आणि दोन दिवस अबोला धरला. परातीमुळं नव्हे, पंखा उतरवला म्हणून.

चौदांतून एक निवडायचा कसा? काकांनी मतदान घ्यायचं ठरवलं. नमुना म्हणून काहीतरी वाचून रेकॉर्ड करायचं होतं. लिफ्टमध्ये चिकटवलेली महिन्यापूर्वीची नोटीस त्यांनी काढून आणली आणि वाचली. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या सकाळी दहा ते संध्याकाळी पाच पाणी येणार नाही." त्याच्या चौदा प्रती केल्या, प्रत्येकीला वेगळा घुमारा. नववा घुमारा कुठल्याशा प्रचंड चर्चचा होता. त्यातून आलेला काकांचा आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. प्रत्यक्ष आभाळातून कुणीतरी पाणी तोडत होतं.

ही नववी क्लिप त्यांना मला पाठवायची होती. ती गेली सोसायटीच्या ग्रुपवर.

अर्ध्या तासात पूर्ण बिल्डिंगनं बादल्या, पिंपं, टब, कुकर, मिळेल ते भांडं भरून ठेवलं. सातव्या मजल्यावरच्या आजींनी तर फुलदाण्या भरल्या. सगळे नळ एकदम सुटल्यामुळं वरची टाकी रिकामी झाली आणि दुसऱ्या दिवशी दहा ते पाच पाणी खरोखरच आलं नाही. सेक्रेटरी जाब विचारायला आले. काकांनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक हाय. पन आवाज कसा वाटला?"

"भीती वाटली हो," सेक्रेटरी म्हणाले.

"मंग नको." काकांनी वहीत नववं नाव खोडलं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की काका प्रत्येक घुमारा अशाच कुठल्यातरी कारणानं खोडतायत. हा लय मोठा. हा परका. हा सिनेमावाला. हा ऐकून वाटतं की बाई एकटीच हाय. या शेवटच्या शेऱ्यावर मी थांबले. "कोण बाई?" मी विचारलं. काकांनी हेडफोन लावल्यामुळं ऐकू न आल्याचं नाटक केलं.

बाई कोण, ते पुढच्या रविवारी कळलं. त्यांची थोरली बहीण हिराबाय जासईहून आली. पंच्याहत्तरीच्या आसपासची, काटक, हिरवं लुगडं, हातात कोळंबीची पिशवी. ती धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीची गाणी जी बाई गाते, ती धवलारीण. देवांना मांडवात बोलावते, घरच्यांची एकेकाची नावं गाण्यात गुंफते. एके काळी आजूबाजूच्या पाच गावांत हिराबायशिवाय हळद लागत नव्हती. आता बरीच वर्षं तिला कुणी बोलावलं नव्हतं.

काकांनी तिला गाद्यांच्या खोलीत नेलं, माइकसमोर बसवलं, दार लावलं. दहा मिनिटांनी हेडफोन तिच्या कानांवर चढवून तिला तिचाच आवाज ऐकवला. दार उघडून ती बाहेर आली.

"ती कोन म्हातारी गाते रं? तिचा गला सुकलाय. पानी द्या तिला."

"बाय, तूच हाय ती."

"मी?" हिराबायनं क्षणभर भावाकडं बघितलं. मग पदर खोचला आणि कोळंबी सोलायला बसली. त्या दिवशी काकांनी परोपरीनं विनवलं, पण ती पुन्हा त्या खोलीत गेली नाही.

ती गेल्यावर काका आमच्याकडं आले. टाळी न वाजवता आले, म्हणून मीच घाबरले. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. आठ वर्षांपूर्वीचा, त्यांच्या मुलीच्या हळदीचा. आवाज म्हणजे नुसता डीजेचा धडधडाट. पोरी नाचत होत्या, दिवे उडत होते. आणि मागे, मांडवाच्या खांबाला टेकून, हिराबाय बसली होती. तिचे ओठ हलत होते. कॅमेरा तिच्यावरून गेला, पुन्हा आला, ओठ हलतच होते. शब्द एकही ऐकू येत नव्हता.

"अख्खी हलद गाइली ती," काका म्हणाले. "कोनालाच आयकू नाय आली. डीजे मीच ठरवलेला मॅडम. गावातला सगल्यात मोठा. माज्या एकुलत्या पोरीची हलद, म्हनून." त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. "ती काय बोलली नाय. आठ वर्सांत एक शब्द नाय बोलली. मना यात तिचा आवाज परत घालायचा हाय. पन तो त्या मांडवातला वाटला पायजे. मागून चिकटवलेला नको."

चौदा घुमारे, परात, मतदान, सगळं त्यासाठी होतं. मी चहा टाकला.

चहा पिताना मला एक गोष्ट सुचली, आणि ती माहितीपुस्तकातली नव्हती. "काका, त्या म्हणाल्या की म्हातारी गातेय. अहो, बंद खोलीत, भिंतींसमोर गायल्या त्या. तुमच्या गाण्यात सगळ्यांची नावं घेतात ना? मग तिथं नाव घ्यायला समोर कोण होतं?"

काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बॉटनीत हे पन शिकवतात?"

पुढच्या रविवारी भिंतींवरच्या गाद्या उतरल्या. हॉलमध्ये अंथरल्या. माइक हॉलमध्ये आला. हिराबाय भिंतीला टेकून बसली. समोर मी, काकू, आणि काकूंनी गोळा केलेल्या बिल्डिंगमधल्या सहा-सात बायका. फुलदाण्यांवाल्या आजी सगळ्यांत पुढं. हेडफोन हिराबायनं लावला नाही. "कानाला झाकन लावून कोन गातं?" तिच्यासमोर टीव्हीवर तो व्हिडिओ चालू केला होता, आवाज बंद ठेवून.

ती बघत राहिली आणि मग गायला लागली. पहिल्या दोन ओळींत आवाज चिरकला. तिसऱ्या ओळीला पडद्यावरचे तिचे ओठ आणि समोरचे ओठ एकत्र हलायला लागले. हात हळद दळत असल्यासारखा मांडीवर फिरू लागला. आजींनी न सांगता ठेका धरला. गाणं आम्हाला अर्धंच कळत होतं, पण हॉलमध्ये कुणी हललं नाही. काका लॅपटॉपमागे वाकून बसले होते, त्यामुळं त्यांचा चेहरा दिसला नाही.

जेवणं झाली. काका आतल्या खोलीत जाऊन तासाभरानं बाहेर आले. डीजे काढून टाकला होता. त्या जागी हिराबायचा आवाज. मी विचारलं, कुठला घुमारा? ते जरा ओशाळले. लॅपटॉपमधल्या प्रोग्रॅमबरोबर एक घुमारा आधीपासूनच फुकट आलेला असतो. एकच बटण असलेला. काकांनी त्याच्याकडं कधी बघितलंच नव्हतं. "तोच. थोरासाच लावला," ते म्हणाले. "हॉलमदी बायका होत्या ना, त्यांचाच ओलावा पुरला."

आम्ही सगळ्या पुन्हा टीव्हीसमोर बसलो. ओठ आणि आवाज कुठं कुठं मागंपुढं होत होते, पण पोरी आता हिराबायच्या गाण्यावर नाचत होत्या. बाय टक लावून बघत होती.

"मांडवाच्या दारी गो कोन कोन आला," टीव्हीतली हिराबाय गात होती, "आला माजा बंदू, गजानन बंदू."

गजानन म्हणजे म्हात्रेकाका. त्यांनी मान वर केली. हे नाव त्या हळदीत घेतलं गेलं होतं, हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. सकाळी ती गात असताना आणि नंतर तासभर आवाज बसवतानाही शब्दांकडं लक्ष न देता ते लॅपटॉपवरचे आवाजाचे काटेच बघत होते.

आणि त्याच क्षणी पडद्यावर, गर्दीतून वाट काढत, आठ वर्षांनी तरुण म्हात्रेकाका आले. नवा सफारी, कपाळाला हळद. उजवा हात उंच करून ते डाव्या बाजूला कुणाला तरी खुणावत होते. तिकडं डीजे होता. आवाज वाढव, अशी ती खूण होती. ते काकूंना कळलं, मला कळलं, काकांना तर कळलंच.

हिराबाय मात्र हसली. तोंडाचं बोळकं पूर्ण उघडून, लहान मुलीसारखी हसली.

"बग," ती भावाला म्हणाली, "मी नाव घेतला नि लगेच आलास. एवऱ्या बाज्यात मना वाटला, याला काय आयकू जातंय. पन तू आयकलास. मी घरी जाऊन सगल्यांना सांगितला, माज्या गजाननला आयकू आला."

काकांनी एकदा काकूंकडं बघितलं. मग बहिणीच्या शेजारी गादीवर जाऊन बसले आणि म्हणाले,

"हां बाय. आयकला ना."