तक्त्यातली शेवटची ओळ

आमच्या ऑफिसात आकडेवारीचं सॉफ्टवेअर चालवता येणारा मी एकटाच. निदान मी तरी सगळ्यांना असंच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे कॅन्टीनच्या मावशींना ठेवायचं की खाण्याचे पदार्थ देणारं यंत्र बसवायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा मतं मोजायचं काम साहेबांनी माझ्याच गळ्यात मारलं.

"एक बटण दाबलं की तक्ता हजर!" मी म्हणालो.

लगेच भिंतीवर नोटीस लावली: 'सर्वांनी मतपञिका संगणकावर भरावी. माञ नाव लिहू नये.' टपालवाले काका म्हणाले, तुमचा 'त्र' नेहमीसारखाच घसरलाय. मी म्हटलं, अर्थ कळला ना? मग झालं तर.

एकसष्ट मतं पडली. मी बटण दाबलं. कोणतं उत्तर किती जणांनी दिलं ते उतरत्या क्रमाने आलं. पहिली ओळ: यंत्र, चौदा. साहेबांना पहिल्या ओळीपुढे वाचायची सवय नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही वाचावंसं वाटलं नाही. संध्याकाळी मावशींच्या हातात महिन्याभराची मुदत देणारं पत्र पडलं.

सकाळी सगळं ऑफिस माझ्या टेबलाभोवती! जो तो म्हणे, मी तर मावशींनाच मत दिलं. पाठोपाठ हात पुसत मावशी आल्या. अकरा वर्षांची चूल एका बटणाने विझली होती, पण आवाज शांत होता.

"दाखवा बरं तो तक्ता."

साहेबांसमोर मोठ्या पडद्यावर लावावाच लागला. 'मावशी' अकरा, 'मावशीच' नऊ, 'मावशि' आठ, 'माऊशी' सात, 'मावशीबाई' सहा, 'आपल्या मावशी' पाच. आमच्या लोकांचं शुद्धलेखन अगाध आणि सॉफ्टवेअर पडलं काटेकोर. त्याने एका मावशींच्या सहा मावशी करून ठेवल्या होत्या.

"शेहेचाळीस," मावशी म्हणाल्या. माझी बेरीज अजून चालूच होती.

साहेबांनी ते पत्र तिथल्या तिथे फाडलं. टाळ्या पडल्या. मलाही मनापासून बरं वाटलं, आणि मी घाईघाईने पडदा बंद करायला गेलो.

"थांबा. शेवटची ओळ राहिली."

शेवटची ओळ होती: 'यंञ', एक.

मावशींनी पडद्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या नोटिशीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. आता कबूल करतो. बायको मला उकडलेल्या भाज्यांचा डबा देते, मी तो काकांना देऊन कॅन्टीनमध्ये दोन ताटं हाणतो. मावशींचं आणि बायकोचं चांगलं मेतकूट आहे, आणि यंत्र निदान चुगली तरी करत नाही.

"घाबरू नका," मावशी हळूच म्हणाल्या. "नाव गुप्तच राहील. फक्त ताईंच्या कानावर घालते."

माझा डबा आता तीन कप्प्यांचा झालाय. तिन्हीत उकडलेल्या भाज्या. आणि काकाही तो घेत नाहीत.