गांधीलमाशी आणि शेळी

प्राध्यापक कृष्णात सरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. दोष चष्म्याचा नव्हता. कळंब्याच्या उसात धरलेली, अळीच्या पोटात अंडी घालणारी बारीकशी गांधीलमाशी डीएनएवरून चक्क शेळी निघाली होती.

त्यांची विद्यार्थिनी दानेश्वरी रडकुंडीला आली. या माश्यांची वंशावळ हाच तिचा पीएचडीचा विषय. "सर, नमुन्याला कुणाचातरी मटणाचा हात लागलाय. आमच्या घरात तर अंडंबी चालत न्हाय."

सरांनी हळूच आपले हात पाठीमागं नेले. डॉक्टरांनी त्यांचं मटण बंद केलं होतं. आणि नमुने भरायला ते कागलहून थेट जेवून आले होते. तेवढ्यात त्यांच्या पत्नी संयोगिता दुधीच्या भाजीचा डबा घेऊन दारात हजर!

"कुणाचा मटणाचा हात?"

"कुणाचाच न्हाय!" सर ओरडले. "उत्क्रांती हाय ही! माशीची शेळी निघालीया. निसर्गात कायबी हुतंय."

"मग माशीला शिंगं हायत व्हय?" संयोगितांनी विचारलं.

"मिशा हायत की! त्यांचीच पुढं शिंगं झाली असतील."

हे वाक्य नेमकं विभागप्रमुख विजयसिंहांच्या कानावर पडलं. "अरे, केवढा शोध हा!" म्हणत त्यांनी लगोलग पेपरवाल्यांना फोन लावला. चहा येईपर्यंत पत्रकार आलासुद्धा. "सर, आधी शेळी का आधी माशी?" त्यानं पेन उघडत विचारलं.

दानेश्वरीनं सरांची बाही ओढली. "सर, हे छापून आलं तर जन्मात मला कोण पीएचडी देणार न्हाय. उलट बघायला आलेले पावणे विचारतील, पोरगी शेळ्या राखती काय?"

तिचे भरलेले डोळे सरांना बघवेनात. त्यांनी हात वर केला.

"थांबा! ती शेळी माझ्या हाताची हाय. कागलला मटण खाल्लं मी. तांबडा रस्सा दोनदा घेतला."

पत्रकाराचं पेन हवेत राहिलं. विजयसिंह खिडकीबाहेरचं झाड निरखू लागले. संयोगितांनी डबा सावकाश टेबलावर ठेवला.

इतक्यात दानेश्वरीचा फोन वाजला. बेंगळुरूची प्रयोगशाळा होती. दानेश्वरी ऐकता ऐकता उड्याच मारायला लागली.

"सर, रिपोर्टांची अदलाबदल झालीया! आपली माशी शेळीपालनवाल्यांकडं गेलीया. त्यांची शेळी गांधीलमाशी निघाली म्हणून तिकडं बोंब उठलीया! आपले नमुने एकदम स्वच्छ हायत. कुणाचाबी हात लागला न्हवता!"

सर हसायला गेले, पण जमेना.

"अस्सं," संयोगिता शांतपणे म्हणाल्या. "आणि पांढरा किती वेळा घेतला?"