रशीदभाईंची खुर्ची

रशीदभाईंना बसून क्लॅरनेट वाजवता येत नाही. चालत असले की असं वाजवतात की रस्त्यावरचा माणूस भाजीची पिशवी खाली ठेवून ऐकत राहतो. पण त्यांना खुर्चीवर बसवा, हातात तेच वाद्य द्या, आणि बाहेर येते ती नुसती हवा. पेटायला नाही म्हणणाऱ्या स्टोव्हसारखी फुस्स फुस्स करत.

"पाय थांबला की फुंक थांबती, मास्तर," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "हे काय मी ठरवल्यालं न्हाई. वरच्यानं जोडणीच तशी केलीय."

चाळीस वर्षं लग्नाच्या वरातीत पुढे चालून वाजवणाऱ्या माणसाची जोडणी अशीच होणार. प्रश्न एवढाच, की असा माणूस सिंफनी ऑर्केस्ट्रात काय करत होता. त्याच्याही आधी, नगरमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा काय करतोय, हे आमच्याकडे येणारे पुण्याचे पाहुणे विचारतात, आणि विचारण्याआधी हसून घेतात. त्यांना मी चहासुद्धा बेताचाच पाजतो.

तर साळवे सर लष्कराच्या बँडमधून निवृत्त झाले आणि त्यांना घरी करमेना. त्यांनी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणारी मंडळी गोळा केली, दोन-चार निवृत्त फौजी ट्रम्पेटवाले आणले, सुप्याच्या एका कारखान्यातला बासरीवाला इंजिनिअर पकडला, हौसेनं चेलो शिकलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई मिळाल्या, आणि उरलेल्या खुर्च्या भरायला माझ्यासारखे लोक घेतले. मी शाळेत गणित शिकवायचो. व्हायोलिन पंचावन्नाव्या वर्षी हातात घेतलं आणि अजून आमचं दोघांचं जमलेलं नाही. दर रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही तीसजण जमतो. क्लॅरनेटला मात्र कोणी मिळेना, तेव्हा साळवे सर सरळ बँडवाल्यांच्या गल्लीत शिरले आणि रशीदभाईंना घेऊन आले.

पहिल्या रविवारी रशीदभाई लाल कोट, खांद्यावर जरीची झालर अशा थाटात आले. सरांनी खुर्ची दाखवली. ते बसले, सरांचा हात खाली आला, आम्ही सुरू झालो आणि क्लॅरनेटमधून हवा आली. सरांनी थांबवलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला रशीदभाई अदबीनं उठले आणि म्हणाले, "साहेब, मी जरा चालू का?"

त्यानंतर जे ऐकलं त्यानं साळवे सरांसारखा कडक माणूससुद्धा विरघळला. रशीदभाईंना चालायची परवानगी मिळाली. ते आमच्या सगळ्यांभोवती गोल फिरत वाजवायचे. सूर कधी डाव्या कानात, कधी पाठीमागून, कधी थेट डॉक्टरीणबाईंच्या वेणीमागून. बाई म्हणायच्या, "टेबलफॅनसमोर बसल्यासारखं वाटतं." पण तक्रार म्हणून नाही.

एकच अडचण होती. दर फेरीला एका ठरावीक जागी, हॉलच्या पूर्वेकडच्या खिडकीपाशी, क्लॅरनेट बंद पडायचं. आठ पावलं रशीदभाई मान खाली घालून नुसते चालायचे आणि मग पुढे जिथं असायला हवं तिथून अचूक उचलायचे. सरांना वाटलं दम लागतोय. नंतर वाटलं, चुकतायत. शेवटी एका रविवारी सर कडाडले.

"दवाखाना हाय, साहेब," रशीदभाई शांतपणे म्हणाले.

खिडकीबाहेर खरोखरच एक प्रसूतिगृह होतं. बँडवाल्यांचा जुना शिरस्ता असा, की दवाखाना आला, मशीद आली, गमी, म्हणजे मयत, झालेलं घर आलं की वाद्य खाली.

"खिडकी बंद आहे, रशीदभाई."

"खिडकी बंद हाय. दवाखाना चालू हाय."

पुढच्या रविवारी सरांच्या कागदावर मी पाहिलं, तेवढ्या मात्रांखाली पेन्सिलनं बारीक अक्षरात 'दवाखाना' असं लिहिलेलं होतं. तेवढ्या वेळात इंजिनिअरसाहेबांना बासरी दिली होती.

रशीदभाईंना अंतरं किलोमीटरमध्ये कळत नाहीत. दिल्लीगेटपासून माळीवाडा किती लांब, असं विचारलं तर ते म्हणतात, "चार गाणी. पावनं नाचरं असलं तर सा गाणी." एकदा माझ्या मेहुण्यानं त्यांना स्टँडचा रस्ता विचारला. "हितनं सरळ दोन गाणी जा, मग डाव्या अंगाला अर्धं," असं ऐकून तो बिचारा रिक्षाच करून गेला.

गेल्या वर्षी साळवे सरांनी आमच्यासाठी स्वतः एक रचना लिहिली. नगरच्या लग्नाची वरात, तीन भागांत. शेवटचा भाग मुलीच्या पाठवणीचा, संथ. त्यासाठी रशीदभाईंनी आपल्या वडिलांनी बांधलेली एक धून दिली. जिल्ह्यातले सगळे बँडवाले ती पाठवणीला वाजवतात, आणि ऐकणाऱ्या बायका हमखास पदर डोळ्याला लावतात. पण सर्वांना येते ती अर्धीच.

"पुढची कुठाय?" सरांनी विचारलं.

"पुढची हाय की. पन पोरगी गाडीत बसली, गाडी हालली, का बँड बंद. पुढं वाजवायचं कुनासाठी? धुरासाठी?" रशीदभाई म्हणाले. "वडलांनी मला शिकवलीया पुरी. चारचौघांत वाजवायची पाळी आली न्हाई."

सरांचे डोळे चमकले. ठरलं, की शेवट रशीदभाईंनी एकट्यानं वाजवायचा. बाकीचा ऑर्केस्ट्रा गप्प. फक्त एक अट होती. कार्यक्रम ज्या सभागृहात होता तिथला रंगमंच तीस खुर्च्यांनीच भरून जात होता. भोवती फिरायला मांजरालाही जागा नव्हती. म्हणजे बसूनच वाजवायला हवं. शेवटच्या रविवारपर्यंत बसून जमलं तर ठीक, नाहीतर आपणही गाडी हालते तिथंच थांबू, असं सर म्हणाले.

मला वाटलं रशीदभाई हसून सोडून देतील. पण त्यांनी क्लॅरनेटचं तोंड पुसलं आणि म्हणाले, "बसतो, साहेब."

मग सुरू झाली बसण्याची तालीम, आणि का कोण जाणे, तिची जबाबदारी माझ्यावर आली. आधी आम्ही घरच्या आरामखुर्चीवर प्रयोग केला. हवा. स्टुलावर, हवा. माझ्या नातीच्या झोपाळ्यावर दोन सूर आले, पण झोपाळ्याची कडी इतकी कुरकुरली की बायकोनं तो प्रयोग बंद पाडला. त्या दोन सुरांवरून मात्र मला एक कल्पना सुचली. मी त्यांना रिक्षात बसवलं.

रिक्षा सुरू झाली आणि रशीदभाई मागच्या सीटवर बसून असे वाजवायला लागले की रिक्षावाल्यानं आपला रेडिओ बंद केला. "बसलोय तर खरा," ते मध्येच थांबून म्हणाले, "पन पुढं तर चाललोय ना." सिग्नलला रिक्षा थांबली की हवा. हिरवा झाला की सूर. घराघरातून लोक बाहेर येऊन नवरदेव शोधत होते. एका आजींनी आमच्यावर अक्षता म्हणून मूठभर तांदूळही टाकले, आणि ते नेमके माझ्या टकलावर पडले. मी आयुष्यभर नाकासमोर चालणारा गणिताचा मास्तर. त्या दिवशी मला फार मजा आली, हे कबूल करतो.

पण रिक्षा रंगमंचावर नेता येत नाही. हा माणूस सत्तरीच्या उंबरठ्यावर एवढा जिवाचा आटापिटा का करतोय, ते मला कार्यक्रमाचे पास द्यायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं. घर म्हणजे माडीवर दोन खोल्या. रशीदभाई दूध आणायला गेले होते. खैरूनभाभी, त्यांच्या पत्नी, खिडकीशी बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नाही.

"आमचं लगीन शेवगावला झालं," भाभी सांगू लागल्या. "बँड सासऱ्यांचाच. मला निरोप देताना सासऱ्यांनी ही धून पैल्यांदा वाजवली. मी जीपमदी बसले, जीप हालली, अन् धून तुटली. पुढं काय हाय ते तवापासून इचारतीय ह्यांना."

"मग वाजवून दाखवत नाहीत?"

भाभी हसल्या. "घरात कसं वाजवनार? खोली तीन पावलांची. चवथं पाऊल भिंतीवर. अन् गल्लीत उगाच वाजवलं तर लोक इचारत्यात, कुनाचं लगीन हाय." मग खिडकीबाहेर हात करून म्हणाल्या, "वरात हितनं जाती तवा ऐकते. येती तवा लांब असती, कळती तवर पुढं जाती."

रशीदभाईंच्या बँडमधला ढोलवाला मला नंतर म्हणाला, की या माडीखालून जाताना रशीदभाईंचा पाय नेहमी जड व्हायचा. घोडा पुढे, नवरदेव पुढे, आणि बँड तिथंच घोटाळत. व्याही चिडायचे. रशीदभाई सांगायचे, चपलेचा अंगठा तुटला. चाळीस वर्षं त्या एकाच जागी त्यांच्या चपलांचे अंगठे तुटत होते. हे ऐकल्यावर, इतकी वर्षं स्वतःला शहाणा समजत आलो, याचा मला थोडा रागच आला.

शेवटच्या रविवारी साळवे सरांनी फौजी तोडगा काढला. बसल्या जागी कदमताल. बूट वाजतात म्हणून बूट काढून, नुसत्या मोज्यांवर. आणि जमलं! लाल मोज्यातले पाय खुर्चीखाली डावा-उजवा करू लागले आणि क्लॅरनेट बोलू लागलं. धून त्या ठिकाणी आली, जिथं गाडी हालते. तिथं रशीदभाईंचे पाय थांबले. सूरही थांबला. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. पाचव्या खेपेला रशीदभाईंनी वाद्य मांडीवर ठेवलं.

"चाळीस वर्सं हितंच थांबलोय साहेब. हितनं पुढं पाय जात न्हाई."

सर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ठीक आहे. तिथपर्यंत वाजवा. मी तिथं हात खाली घेईन. लोकांना तोच शेवट वाटेल."

लोकांना वाटेल. पण भाभींना? रशीदभाई वाकून बूट चढवू लागले.

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा. आमचा तोच रिक्षावाला भाभींना घेऊन आला; दोघा ट्रम्पेटवाल्यांनी त्यांना खुर्चीसकट माडीवरून उतरवलं होतं. पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर त्या बसल्या. पहिले दोन भाग बरे गेले. मी तीन ठिकाणी चुकलो, पण तेवढं माझं ठरलेलंच असतं. मग पाठवणी आली. व्हायोलिनं थांबली, डॉक्टरीणबाईंचा चेलो थांबला आणि लाल मोजे हलू लागले. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. गाडी हालली. सूर थांबला. साळवे सरांनी ठरल्याप्रमाणे हात खाली घेतले आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

त्या टाळ्यांत रशीदभाई उठले. माझ्या आणि डॉक्टरीणबाईंच्या मधून, आमचे कागद सांडत, ते वाट काढून निघाले आणि कडेच्या लाकडी पायऱ्या मोज्यांवरच उतरले. क्लॅरनेट ओठांना लावलेलं. धून जिथं तुटली होती तिथून त्यांनी उचलली. टाळ्या विझल्या. साळवे सर हात लोंबते ठेवून वळून बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना मी पहिल्यांदाच काही न करता उभं असलेलं पाहिलं.

रशीदभाई वाजवत वाजवत पहिल्या रांगेपर्यंत आले, भाभींच्या खुर्चीसमोर पोचले, आणि थांबले. मी त्यांच्या पायांकडेच बघत होतो. दोन्ही पाय जोडून जमिनीवर स्थिर. आता हवा येणार, असं मला वाटलं. पण सूर आला. पुढचाही आला. ते तिथून हलले नाहीत आणि धून पुढे जात राहिली.

आणि ती रडकी नव्हतीच. रडत निघालेली मुलगी दोन-चार गावं मागे पडल्यावर डोळे पुसून गाडीबाहेर बघायला लागते, तशी ती हळूहळू हसायला लागली. शेवटी शेवटी तर चक्क ठेका धरावा अशी झाली. मागचा एक फौजी नकळत पायानं ताल देऊ लागला. मग ती संपली. लोक उभे राहिले. भाभी तेवढ्या बसून होत्या, तोंडावर पदर धरून.

गर्दी पांगल्यावर मी चहाचे कप घेऊन त्यांच्याकडे गेलो. रशीदभाई बायकोशेजारच्या खुर्चीवर बसले होते. घरात दोघं आपापसात दखनी उर्दूत बोलतात, पण मी आलो तसं भाभींनी मराठी धरली, मलाही ऐकू यावं म्हणून.

"शेवट असा हाय व्हय," त्या म्हणाल्या. "हे तवाच ऐकवलं असतं तर मी शेवगावापासून नगरपोत्तर रडले नसते."

"मी अब्बांना म्हनलं हुतं की," रशीदभाई खाली बघत म्हणाले, "जीप जरा थांबवा, तिला पुरी ऐकू द्या."

"मग?"

"नवरदेवाचं कोन ऐकतं," रशीदभाई म्हणाले, आणि माझ्या हातातला पहिला कप त्यांनी भाभींना दिला.