आधी रिकामी खोली

"दूर राहा गा, देशकर!" हे वानखडे सरांचं नमस्काराऐवजीचं वाक्य. नागपूरच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत आणि किरणोत्सर्गाची प्रयोगशाळा सांभाळत. चहाच्या टपरीवर आम्ही सगळे बाकावर, सर मात्र रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली. चहा तिकडे पोचेपर्यंत निवायचा. "अंतर दुप्पट, मार पाव," हा किरणांचा नियम त्यांनी टपरीवाल्यालाही समजावला होता.

किरणं मोजायच्या गायगर काउंटरनं ते काहीही मोजत. संत्री मोजली, स्टाफरूमचा पंखा मोजला. प्राचार्यांच्या रेडियमच्या घड्याळापाशी यंत्र तडतडलं, तेव्हापासून प्राचार्य वेळ विचारायला शिपायाला पाठवू लागले.

"आधी रिकामी खोली मोजा," असं ते मुलांना बजावत. समोर काही नसलं तरी काउंटर टकटकतोच. मातीतून, भिंतीतून, आकाशातून काहीबाही येत असतं. ते वजा करून उरेल ते खरं.

एवढं सगळं मोजलं, पण स्वतःला कधी नाही. तरुणपणी एकदा चिमटा न वापरता त्यांनी एक किरणोत्सर्गी नमुना बोटांनी उचलला होता. ते अंगात भिनलं, असं त्यांनी धरून ठेवलं. मला हसू यायचं. पण आपल्या मुलीला, कुसुमला, त्यांनी जन्मल्यापासून एकदाही जवळ घेतलं नाही, हे त्यांच्या पत्नीकडून, वहिनींकडून कळलं तेव्हा हसू पळालं आणि मला त्यांचा रागच आला.

कुसुमच्या मुलीच्या बारशाला सगळे घरात आणि सर फाटकाशी. "नातीलेही दुरूनच पाहून राहिले," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच काही करा जी." मी स्कूटर काढली आणि कॉलेजातून काउंटर आणला.

"काहून आणलं हे?" सरांनी हात पाठीमागे घेतले.

"बाबा, हात द्या," कुसुम बाळाला घेऊन बाहेर आली.

"नको वं. जास्त निघालं तर?"

"निघालं तर निघालं. मले एकदा माहीत तर होऊ द्या."

मी आधी रिकामा व्हरांडा मोजला. मग तिथंच सरांना बोलावून त्यांचे हात. काही निघालंच तर हा माणूस पुन्हा फाटकाच्या आत येणार नाही, ही धास्ती. टक. टकटक. आकडा व्हरांड्याइतकाच.

"पुन्हा. एकदा मोजून काही खरं नसते," सर म्हणाले.

पुन्हा मोजलं. आणखी एकदा मोजलं. एखादी टक इकडेतिकडे, बाकी तेवढंच.

"तेव्हाही नव्हतं?" त्यांनी हळूच विचारलं. एवढ्या वर्षांत विझून गेलं असेल, असं म्हणायचीही सोय नव्हती. त्या नमुन्यापाशी काउंटर अजून पहिल्याइतकाच टकटकत होता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

कुसुमनं बाळ पुढे केलं. सरांनी हात पसरले आणि मध्येच थांबले.

"तुह्या आईजवळ दे तिले," ते म्हणाले. "आधी तू ये."